मैंदर्गीहून आलेला अर्ज

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! चहा घ्या आणि ऐका, फक्त बाहेर कुठं बोलू नका.

आम्ही सोलापूरच्या शिक्षकांनी एक खुली वेबसाइट काढली. कुणी तक्ता केला, खेळ केला, की तिथं टाकायचा. दुसऱ्यानं तो घ्यायचा, आपल्या पोरांना हवा तसा बदलायचा. व्हॉट्सॲपवर साठलेला सगळा पसारा इयत्ता-विषयांप्रमाणे लावून नोंदी करायचं काम माझ्याकडं आलं. अंगावर मूठभर मांस चढलं हो! आठवड्यात फडशा पाडला.

महिनाभरानं मैंदर्गीचे शिवप्पा सर एसटीनं थेट आमच्या शाळेत हजर. हातात पिशवी. मला वाटलं, शाल-नारळ! मी पदरबिदर सारखा केला. पिशवीतून निघाला अर्ज.

साइटवरचा वजाबाकीचा चित्रतक्ता त्यांना कन्नड शब्द घालून वर्गात लावायचा होता.

"आमची पोरं घरात कन्नड बोलत्यात की मॅडम, वजाबाकीत लई अडकल्यात," ते म्हणाले. "पण हेडसर म्हणत्यात, तक्ता दुसऱ्याच्या नावावर हाय, परवानगी आणा."

खुल्या साइटवर परवानगी कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर 'अटी'च्या रकान्यात मीच सगळीकडं 'विनापरवानगी बदल करू नये' असं ठोकून दिलं होतं. जरा वजन पडतं ना!

ते कबूल करायचं सोडून मी त्यांना दहा मिनिटं उपदेश केला. दुसऱ्याच्या कष्टाचा मान कसा ठेवावा, वगैरे. ते बिचारे मान हलवत होते. मग अर्जावर लाल शाईनं लिहिलं, 'मंजूर. मूळ कर्त्याचे नाव देण्याच्या अटीवर.' खाली झोकदार सही.

सरांनी ते दोनदा वाचलं.

"मग नाव कुणाचं घालू मॅडम? तक्ता मीच केलाय."

मी घाईघाईनं साइट उघडली. नोंदीच्या फॉर्मवर 'नाव' असा रकाना होता. फॉर्मवर नाव म्हटलं की आपलं लिहायचं, ही जन्माची सवय! सगळ्या नोंदींवर मीच. वजाबाकी माझी, विज्ञानाचे प्रयोग माझे. उर्दूतलं एक अक्षर मला वाचता येत नाही, पण साइटवर मी उर्दू बालगीतंही लिहिली होती!

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, नाव तिथल्या तिथं बदललं आणि म्हटलं, तो अर्ज आणा इकडं, फाडून टाकते.

"नको मॅडम," सर अर्जाची घडी घालत म्हणाले, "हेडसरांना दाखवायला लागतंय."

तेव्हा मैंदर्गीच्या शाळेत कधी गेलात, तर फायलीत बघा. शिवप्पा सरांना त्यांचाच तक्ता वापरायची परवानगी मी दिलेली आहे, सहीनिशी.