पडद्यामागचं पिठलं

परवा पुण्यात नातवंडांनी मला जेवायला नेलं. 'अस्सल नगरी चव' अशी पाटी असलेलं हॉटेल. बाहेर खुर्च्या मांडलेल्या आणि त्यांच्यावर बसून माणसं आपला नंबर कधी येतो याची वाट बघत होती. आमच्याकडे पंगतीला एवढा उशीर झाला असता तर व्याही रुसून घरी गेले असते. इथे सगळे हसतखेळत उपाशी होते. दारात बैलगाडीचं एक चाक टांगलं होतं. त्या चाकाकडे बघून बघून माझे गुडघे आखडले. शेवटी ताट आलं, आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच नात म्हणाली, "आजी, कसं झालंय?"

"तू केलंयस का?"

"नाही."

"मग कशाला विचारतेस? खा."

तिला वाटलं, आजी चिडली. चिडले नव्हते, दमले होते. या वयात दमणं आणि चिडणं चेहऱ्यावर सारखंच दिसतं. शिवाय त्या प्रश्नाची आणि माझी जुनी ओळख आहे.

मी अकोल्याकडची, विदर्भातलं अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले. डोंगरातली, भाताची. लग्न होऊन आले पुणतांब्याला, गोदावरीच्या काठी, बाजरीच्या मुलखात. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, पण मला वाटलं समुद्र ओलांडून आले. माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली काळभाताच्या तांदळाची पुरचुंडी होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी ते तांदूळ हुंगले आणि म्हणाल्या, "वास ब्येस हाय. पर यानं पोट भरतंय व्हय? भात म्हंजी आजाऱ्याचं खानं."

मी मनात म्हटलं, आमच्याकडे आजारी माणसं भात खाऊन बरी होतात आणि तुमच्याकडे बरी माणसं भाकरी चावून आजारी पडतात. पहिलं वर्षभर हे मनातच म्हणत होते. दुसऱ्या वर्षी मोठ्यानं म्हणायला लागले. अंगानं मी काडी होते, पण गर्व मात्र मण-दोन मण असेल.

आमचे हे नगरला, नागापूरच्या कारखान्यात लेथवर कामाला होते. सुट्टीला घरी यायचे. ते यायचे म्हटलं की घरात दोन चुली पेटायच्या. एकीवर आत्याबाईंचा वांग्याचा रस्सा, दुसरीवर माझी मासवडी. ही बेसनाच्या उकडीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायची, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढायची. आत्याबाई ताटासमोर बसायच्या, मी दाराला टेकून उभी राहायचे. ह्यांनी घास घेतला की दोघींचे डोळे ह्यांच्या जबड्यावर.

"कसं झालंय रं?" आत्याबाई.

"चांगलं झालंय."

"आणि वडी?" दारातून मी.

"तीपन चांगली हाय."

"जास्ती कोन्चं चांगलं?"

मग हे पाणी मागायचे.

त्यात ते दुष्काळाचं साल. नदीत नुसते धोंडे. बाजरी हाताला लागत नव्हती. रेशनवर परदेशातली लाल ज्वारी यायची, तिला मिलो म्हणत. तिची भाकरी थापता थापता फाटायची. घरात दाणा नाही आणि आम्ही दोघी कुणाचं धान्य मोठं यावर भांडत होतो. आता आठवलं की हसू येतं, आणि हसायचाही कंटाळा येतो.

मला नगरला जायचं होतं. ह्यांनी दिवाळीला खोली बघतो म्हटलं होतं. मग संक्रांत आली, शिमगा झाला. कधी खोल्याच मिळत नाहीत, कधी नगरात पाण्याची बोंब. रोज नदीच्या पात्रात खणलेल्या झऱ्यावर हंड्याच्या रांगेत उभी राहून माझी मान वाकडी झाली होती, आणि पुढे वर्षं अशीच जाणार की काय या भीतीनं झोप लागत नव्हती. ह्यांचं घरचं जेवणही कमी झालं होतं. एक भाकरी खाऊन "बास" म्हणायचे. आणि तरी सदऱ्याची बटणं ताणलेली!

हे माझ्या आधी आत्याबाईंच्या लक्षात आलं. "ह्यो तिकडं कुठंतरी लई ब्येस जेवतोय," त्या एका दुपारी म्हणाल्या. "खानावळवाली कुनीतरी गोदाकाठची आसनार. आईच्या हातची चव घावली आसंल."

"किंवा अकोल्याची," मी म्हटलं. "भात मऊ लागला असेल."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हे त्या चवीला भुलले असतील तर खोली कशाला घेतील? ती खाणावळ एकदा बघायलाच हवी होती. आत्याबाईंचे डोळे दाखवायचे आहेत असं घरात सांगून आम्ही पहाटेची एस्टी धरली. आत्याबाईंना तेव्हा वळचणीतली मुंगी दिसायची.

ह्यांच्या खाणावळीबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक, की ती स्टँडाच्या जवळपास कुठेतरी आहे. पुणतांब्यात स्टँडाच्या जवळपास एकच दुकान असायचं. नगर म्हणजे मला तेव्हा मुंबईच; स्टँडाबाहेर पडले तर पाटीमागून पाटी, आणि सगळ्या खाणावळींच्याच.

पहिल्या खाणावळीत गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "मेंबराचं नाव सांगा."

आता आली पंचाईत. मी नवऱ्याचं नाव कसं घेणार? आणि आत्याबाई थोरल्या मुलाचं नाव उच्चारत नसत. घरात त्याला जे म्हणायच्या ते नगरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"आमचा थोरला," त्या म्हणाल्या.

"रंगानं सावळे आहेत," मी म्हटलं. "जरा वाकून चालतात."

"बाई, इथे सगळेच सावळे येतात आणि वाकून जातात," तो म्हणाला.

तेव्हा मी अक्कल पाजळली. "आत्याबाई, आपण चवीवरून ओळखू. एक घास खाल्ला की मी सांगेन." त्यांनाही ते पटलं. स्वयंपाकाच्या बाबतीत आम्हा दोघींना आपल्या जिभा म्हणजे कोर्टाचे निकाल वाटायचे.

मग सुरू झालं खाणं. बायकांनी एकट्यानं हॉटेलात शिरायचे ते दिवस नव्हते. जिथे जाऊ तिथे पुरुष माना वळवून बघायचे आणि आम्हाला फॅमिली रूम नावाच्या कोंदट खणात बसवायचे. एका ठिकाणी आमटीत गूळ होता. "ह्यात बुंदी पडली का काय?" आत्याबाई पोऱ्याला म्हणाल्या. दुसऱ्या ठिकाणी कागदासारखं पातळ काहीतरी आलं, आत बटाट्याची भाजी. आत्याबाईंनी ते उलगडलं, भाजी बघितली, पुन्हा होतं तसं मिटलं आणि ताट पुढे सरकवलं. तिसऱ्या ठिकाणी भात आला. मी डोळे मिटून घास घेतला आणि जाहीर केलं, "हा आमच्याकडचा. धुक्यातला भात आहे हा, लगेच कळतो."

वाढणारा म्हणाला, "रेशनचा आहे, ताई."

आत्याबाई पदरात तोंड घालून जे हसल्या ते पुढच्या चौकापर्यंत.

दुपार झाली. डांबर चपलेला चिकटायला लागलं. पोटात पाच जातींचा मसाला भांडत होता, पोटभर मात्र कुठेच खाल्लेलं नव्हतं आणि आत्याबाईंच्या टाचा दुखायला लागल्या. आम्ही एक टांगा थांबवला. टांगेवाला पांढऱ्या दाढीचा, मिठ्ठास बोलणारा माणूस.

"कुठं जायचं, मावशी?"

"खानावळीत."

"कोणत्या?"

"तीच तर हुडकतोय की सकाळधरनं."

सगळं ऐकून तो म्हणाला, "नागापूरची पोरं ना? शिफ्ट सुटली की त्यांच्या सायकली एका गल्लीत लागतात. सोडतो तिथं. पण मावशी, खरं खाणं म्हणाल तर आमच्या घरवालीच्या हातचा दालचा, डाळ-मटणाचा. सारं नगर एकीकडं..." गल्ली येईपर्यंत दालचा चालला होता. यालाही आमचाच रोग, मी मनात म्हटलं.

खाणावळ म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चार बाकडी. चालवणारी एक जाडसर, घामानं भिजलेली बाई. तिनं आम्हाला चुलीशेजारी बसवलं आणि मधे जुन्या लुगड्याचा पडदा ओढला. "पिठलं हाय, मिलोची भाकर हाय. दुसरं संपलं."

खाल्लं. वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. त्या पिठल्याविषयी बोलण्यासारखं काहीच नव्हतं, असं पिठलं. ही नक्कीच नव्हे, असं आम्ही दोघींनी मानेनंच ठरवलं.

"गाव कुटलं म्हनायचं तुमचं?" आत्याबाईंना राहवलं नाही.

"हितलंच."

"तसं न्हाई, मूळचं?"

"मूळ कुनी बघितलंय, बाई. जेवा."

तेवढ्यात बाहेर सायकली भिंतीला टेकल्याचे आवाज झाले. माणसं आली, बाकडी करकरली. बाईनं ताटं नेऊन आदळली. आणि पडद्यापलीकडून ह्यांचा आवाज आला. मी भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच राहिले.

"काय गड्या," ह्यांचा कुणी जोडीदार विचारत होता, "काल घरनं आलास ना? डबा न्हाई आनला?"

"न्हाई बाबा."

"का? बायको सुगरन हाय म्हनतोस."

"सुगरन हाय, आईबी सुगरन हाय. तीच तर पीडा." हे घास चावत होते, मधेच थांबून बोलत होते. "दिवसभर त्या लेथचा कानात घूं घूं. घरी गेलं की घास तोंडात जायच्या आदी दोघी इचारत्यात, कसं झालंय. आईची भाकर मोठी का हिची वडी मोठी. कुनाला तरी नापास करावंच लागतंय. हितं बरं हाय. बाई ताट आदळती आन जाती. त्या आदळन्यात लई सुख हाय बघ."

"म्हनून खोली घेईना व्हय तू?"

"खोली घेतली म्हंजी रोज दोन टायमाला परीक्षा."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा पडलेला मी आधी कधी बघितला नव्हता. माझाही तसाच असणार. मला वाटलं, गुपचूप मागच्या दारानं निघून जावं. पण आत्याबाई गुपचूप बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि एका हिसक्यात पडदा बाजूला केला.

"मग तसं सांगायचं की रं मेल्या! सकाळधरनं सारं नगर चाखायला लावलंस आमाला! जिभेवर फोड आलेत माज्या!"

हे उभे राहिले. बोटांना पिठलं, तोंडात घास, डोळे पकडलेल्या चोरासारखे. बाकीची माणसं खाली माना घालून खायला लागली. मला केवढं बोलायचं होतं. झऱ्याची रांग, वाकडी मान, दिवाळी, संक्रांत, सगळं गळ्यापर्यंत आलं होतं. मी तोंड उघडलं, नजर ह्यांच्या ताटावर गेली, आणि माझ्या मूर्ख तोंडातून आलं ते हे:

"कसं झालंय पिठलं?"

जोडीदाराला ठसका लागला. खाणावळवालीनं त्याच्यासमोर पाणी आदळलं.

परतीच्या एस्टीत आत्याबाई खिडकीतून धूळ बघत बसल्या. राहुरी मागे पडली तेव्हा म्हणाल्या, "मी लई इचारती का गं?"

"हो."

"तू माज्यापरीस जास्ती."

"हो."

पुढे पुणतांब्यापर्यंत दोघी पेंगत आलो.

पुढच्या सुट्टीला आत्याबाईंनी एकच चूल पेटवली, ताट वाढलं आणि मला घेऊन अंगणात जाऊन बसल्या. आत ह्यांनी एकट्यानं जेवण केलं. असं महिनाभर चाललं. आखितीचा सण झाल्यावर ह्यांनी नगरला खोली घेतली. निघताना आत्याबाईंनी माझ्या ट्रंकेत आपल्या हातचा काळा मसाला ठेवला आणि म्हणाल्या, "शिजवायचं आन गप ऱ्हायचं. जीब टाळूला चिकटवून ठिव."

खोली एवढीशी, स्टोव्ह भकभकणारा. पहिल्याच संध्याकाळी मी माहेरचा शिल्लक काळभात काढला, मासवडी केली, रश्शाला आत्याबाईंचा मसाला घातला. हे शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी ताट वाढलं आणि भिंतीकडे तोंड करून उगाच भांडी घासत बसले. मागे जेवल्याचा आवाज येत होता. विचारायचं नाही, विचारायचं नाही, असं घोकत भांडं झिजेल एवढं घासलं.

मग आवाज थांबला. वळून बघितलं तर हे भिंतीला टेकून झोपलेले. हात अजून ताटात, बोटं वाळत चाललेली. पण ताट मात्र स्वच्छ. रश्शाचा थेंब ठेवला नव्हता. मी मनातल्या मनात आमच्या अकोल्यापुढे सगळ्या जगाला नापास केलं आणि पातेल्यात बोट बुडवून चाटलं.

मीठच नव्हतं. रश्शात नव्हतं, वडीत नव्हतं, भातात तर नव्हतंच. गप राहायच्या धांदलीत मी मीठ विसरले होते, आणि ह्या माणसानं दमल्या तोंडानं ते सगळं संपवलं होतं.

उठवून विचारावं असं फार वाटलं. तेवढ्यात ह्यांचं घोरणं सुरू झालं. मी ओल्या फडक्यानं ह्यांची बोटं पुसली, उशी सरकवली, आणि उरलेला अळणी रस्सा भातावर ओतून मुकाट्यानं जेवले.