डेव्हलपरचं पाणी

मी सीमेवरच्या फॉरवर्ड एरियातल्या फोटो सेक्शनचा हवालदार होतो. गस्तीवरून आलेल्या फिल्म धुवायच्या, प्रिंट काढून कंपनी कमांडरला द्यायचे, एवढं काम. पाण्यासाठी बर्फ वितळवून उकळायचो, मग मलमलीतून गाळायचो. नाल्याच्या पाण्यात गाळ फार, फिल्मवर डाग पडायचे.

"उस्ताद, आम्हाला नाल्याचा चहा आणि फिल्मला गाळलेलं पाणी?" लान्स नायक दिवाकर चिडवायचा. तो भोपाळचा, इंद्रपुरीचा.

त्याच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता. एका दुपारी तो बंकरमध्ये झोपलेला असताना मी त्याच कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कॅमेरा बंकरमध्येच ठेवून तो गस्तीवर गेला.

रेडिओ वाजला. "शेलिंग. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर," आमच्या ऑपरेटरनं विचारलं.

"दिवाकर."

रिपोर्टसाठी फोटो मीच काढले. चेहरा उरला नव्हता. शवपेटी बंदच घरी गेली.

निवृत्तीनंतर मी भोपाळला, साकेत नगरात राहतो. यंदा दिवाकरच्या आई माझा पत्ता शोधत आल्या. हातात त्याच्या सामानातला जुना रोल आणि पाण्याची कॅन.

"बेटा, मला त्याचं तोंड पाहू दिलं नाही. तेवढं दाखव. हे नर्मदाजीचं पाणी, होशंगाबादहून आणलंय. यातच धू."

"काकू, यात क्षार असतात. फोटो उमटवणारा डेव्हलपर बिघडला तर सगळंच जाईल. रोल एकच आहे."

"त्याच्या अस्थी तिथंच सोडल्या रे."

मी कॅन आत नेऊन ठेवली. हॉस्पिटलसमोरच्या सर्जिकल दुकानातून क्षार काढलेलं डिस्टिल्ड वॉटर आणलं. चार थेंब काचेवर वाळवले, डाग राहिला नाही. डेव्हलपर आणि फोटो पक्का करणारा फिक्सर त्यात कालवले. फिक्सरनंतरची धुलाई कोणत्याही स्वच्छ पाण्यात चालते. ती काकूंच्या पाण्यात केली, गाळून. शेवटी पुन्हा डिस्टिल्ड.

बाकी सगळ्या फ्रेम काळ्या पडल्या होत्या. झोपलेला दिवाकर तेवढा आला, अंधूक. मी प्रिंट काढून काकूंच्या हातात दिला.

"झोपलाय," त्या म्हणाल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. "शेवटी असाच दिसत होता ना रे?"

"हो काकू. असाच."

उभ्या नोकरीत मी एकही खोटा रिपोर्ट दिला नाही. या एका उत्तराची मला लाज वाटत नाही.

काकूंनी पदराच्या टोकानं फोटोतला चेहरा पुसला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, हळूहळू. मग इतक्या वर्षांनी त्या मोकळेपणानं रडल्या.