सव्वीसवर ठेवलेला एसी

माझे भाऊजी एका अकरा मजली ऑफिसात एसी प्लँट चालवायचे. माणूस देवभोळा, पण विजेच्या बाबतीत महाकंजूस. ऑफिस सुटायच्या अर्धा तास आधीच मोठं मशीन बंद करायचे. पाइपातलं गार पाणी तेवढा वेळ पुरतं, कुणाला पत्ताही लागत नाही. वीज एवढी वाचली की साहेबांनी तळघरात येऊन पाठ थोपटली. घरी मात्र फ्रिज उघडून क्षणभर उभं राहायची चोरी. मी म्हणायचे, ताई, हा नवरा नाही, मीटर आहे. ताई हसायची.

मग ताईचं हृदय अधू झालं. उन्हाळाभर खोली गार ठेवा, उकाडा हिला सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी एसी आणला. सव्वीसवर लावला, जोडीला पंखा मंद, दाराच्या फटींना रबरी पट्टी. रोज संध्याकाळी जिन्याखालचा मीटर वाचूनच वर यायचे. दिवसभर एसी चालून एवढेच युनिट, हे सांगताना स्वारी अशी खुलायची की विचारू नका.

एका दुपारी मी न सांगता गेले, तर एसी बंद आणि ताई घामाने निथळतेय. ते कामावर गेले की ही बाई बंद करायची आणि ते यायच्या तासभर आधी लावायची. मी तिला अशी झापली की बस. ती एवढंच म्हणाली, "अगं, आकडा कमी आला की किती खूश होतात. माझं दुखणं सुरू झाल्यापासून तेवढंच हसतात. सांगू नकोस हं."

आणि मी मूर्ख, नाही सांगितलं. पुन्हा बंद करणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात ऊन भडकलं. गुरुवारी भाऊजी कामावरून आले तेव्हा खोली तापली होती आणि माझी ताई गेली होती.

महिन्याभराने त्यांनी मला बोलावून समोर बसवलं. मीटरच्या आकड्यांची वही उघडी होती.

"एवढ्या युनिटांत एसी दिवसभर चालूच शकत नाही गं. ऑफिसात असतो तर एका नजरेत ओळखलं असतं. इथे मी आपल्याच अकलेवर खूश होत बसलो."

वही मिटून त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी नाही म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले, "नाहीतर तुझाही जीव जन्मभर जळत राहिला असता."