ह्यांचे ड्रायव्हरदादा

आमचे हे सोफ्यांची, खुर्च्यांची कापडं बदलून देतात. काम करताना तोंडात चिमूटभर खिळे. जिभेने एकेक ओठावर आणायचा आणि हातोडीने ठोकायचा. मुळात माणूस अबोल, त्यात तोंडात खिळे! लग्न झालं तेव्हा मला वाटलं, आपल्याला फसवून मुका नवरा दिला की काय.

जुन्या सोफ्याच्या फटीत कंगवा, बटण, खेळण्याचं चाक, काय सापडेल ते हे पुसून मालकाला परत देतात. असा सरळ माणूस. पण दुकानाला कुलूप लावलं की पाय गुत्त्याकडे. मी देव पाण्यात घालून बसले, उपास केले, शपथा घातल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि दारू सुटली कोणामुळे? एका रिटायर्ड बस ड्रायव्हरमुळे. दारू सोडलेली माणसं दर आठवड्याला शाळेच्या एका वर्गात जमतात, तिथे दोघांची गाठ पडली. ड्रायव्हरदादांनीही एके काळी पिऊन घराची राखरांगोळी केलेली. आता ह्यांना तलफ आली की हे गॅलरीत जातात, दार लोटून घेतात आणि त्यांना फोन लावतात. आणि काय बोलतात! आई गेली त्या दिवशी आपल्याला रडूच आलं नाही, हे मी दाराला कान लावून ऐकलं. इतक्या वर्षांत मला नाही सांगितलं. बाटली माझी सवत होती, ती गेली. आता ही दुसरी आली, तीसुद्धा मिशीवाली.

एकदा दादा चहाला आले. म्हणाले, "वहिनी, हा आजार आहे. ह्यांना दोष देऊ नका."

मी यांची वहिनी कधी झाले, कोण जाणे. म्हटलं, "आजार? मग तोंडात खिळे असताना बरा होतो वाटतं? ताप काही दुकानाची वेळ बघून चढत नाही."

"दमेकरी तरी दिवसभर कुठे धापा टाकतो?"

"पण धाप विकत घ्यायला गुत्त्यावर जात नाही."

दादा खो-खो हसले. "बाप रे, वहिनी तयारीच्या आहेत! पहिला घोट आपल्याच मर्जीने घेतो, कबूल. पुढे मर्जीच शिल्लक राहत नाही, हाच तर आजार."

हेही हसत होते, दादांकडे बघून. मी कपबशा उचलल्या. आजार म्हणावं, तर माझा इतक्या वर्षांचा राग मी कोणाच्या पदरात टाकू? मर्जी म्हणावी, तर ह्यांनी मर्जीने मला सोडून बाटली धरली. दोन्हीकडून मीच पोळते.

परवा संध्याकाळी हे एका घरी सोफा पोचवून आले. तिथे मालकाने खुशीने पेला पुढे केला होता. हे नको म्हणून निघाले खरे, पण चेहरा उतरलेला होता. तडक गॅलरीत. फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. नाहीच. देवाशपथ लिहिते, मला बरं वाटलं.

मी म्हटलं, "अहो, मला सांगा ना."

"तू रडशील."

"नाही रडणार. सांगा."

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "घशाला ती चव हवीय. तू माहेरी गेलीस की मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं होत नाही गं, जितकं तिच्यावाचून होतंय."

मी रडले नाही. माझ्या तोंडून निघालं, "मग जा ना तिच्याकडे!"

हे उठले आणि चपला पायात घालू लागले.

मी आडवी गेले, हात धरला. "जायचंच आहे ना? चला, मी नेते." गॅस बंद केला आणि दार ओढून घेतलं. गुत्त्याचं वळण आलं तेव्हा ह्यांचा हात माझ्या हातात ओढ घेत होता. तोंडाने देवाचं नाव घेत मी त्यांना पुढे खेचलं, ते थेट दादांच्या दारात.

दादांनी दार उघडलं. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. "अरे, फोन वाजला का? नळ सुरू होता."

मी म्हटलं, "ह्यांना सांभाळा, दादा. मला नाही जमत." एवढं बोलायला मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक. पहिल्यांदाच त्यांना दादा म्हटलं.

"आत या ना, वहिनी."

"नको. मी इथेच बसते."

जिन्याच्या पायरीवर बसले. आत आधी ह्यांचा आवाज चिरलेला, मग नुसता दादांचा. आणि मग दोघे हसले. कशावर, देव जाणे. ह्यांचं तसं हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. अंगाचा तिळपापड झाला. तरी तिथेच हात जोडले, म्हटलं, देवा, या मिशीवाल्याला शंभर वर्षांचं आयुष्य दे. त्याचा फोन कधी बंद पडू देऊ नकोस. आणि माझ्या जिवाची ही जळजळ आजार आहे की माझीच खोड, तेवढं तू बघ. मला काही उमगत नाही.

हे बाहेर आले. "चल," म्हणाले.

"कशावर हसलात?"

"असंच गं."

मी पुन्हा विचारलं नाही. घरापर्यंत मात्र हात सोडला नाही.