पुडीवरचं नाव

आमच्या घरात ग्रहांचे खडे घालायची पद्धत नाही. विहारात वंदना म्हणत वाढलेली मी, त्यात शाळेत विज्ञान शिकवणारी. तरी लग्नाला सात वर्षं होऊनही दिवस राहिनात, तेव्हा मी अक्कल गहाण ठेवली. लॉजवर उतरलेल्या एका खडेवाल्याकडून 'सोनटोपाझ, म्हणजे पुखराजच' असा पिवळा खडा घेतला. तीन महिने बोटात घाला, तोवर तपासण्या नकोत, असं त्यानं बजावलं होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांची लिहून दिलेली चिठ्ठी मी पर्समध्ये कोंबून टाकली. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही.

खडा अंगठीत बसवायला डोणगावहून एसटीनं चिखली गाठली. बाजारातल्या बोळात खडे जडवणाऱ्या चाचांचं बारकंसं दुकान आहे. त्यांची रीत अशी, की गिऱ्हाइकाचा खडा आधी भिंगातून बघायचा, त्याचं खरं नाव कागदाच्या पुडीवर लिहायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. मगच कामाला हात. भल्याभल्या नावांचं पितळ तिथं उघडं पडायचं. 'अमेरिकन डायमंड' ना अमेरिकेचा, ना हिरा. 'स्मोकी टोपाझ' म्हणजे धुरकट रंगाची गारगोटी. गिऱ्हाइकं चिडायची, पण खडा बसवायला त्यांच्याकडेच यायची.

माझी पुडी त्यांनी वाचली, "सुनेला."

"पुखराज हाय तो," मी म्हणाले.

"नाही ताई. सुनेला म्हंजे पिवळी गारगोटी. पिवळा हाय म्हणून पुखराजाच्या नावानं खपते."

माझा नुसता संताप झाला. "मंग याचा गुण येईन का नाही?"

"गुणाचं मले काय ठाव? मी नावाचा जिम्मेदार." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कायच्यासाठी पायजे होता?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं, तपासण्या टाळल्याचंसुद्धा. आता रागावायची पाळी त्यांची होती.

"काऊन थांबल्या तुमी? आंधी तपासणी करून या. मंग बसवतो."

हातची मजुरी सोडून मला परत पाठवणारा इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. तशीच बुलढाण्याची एसटी धरली. दोष थायरॉईडचा निघाला, गोळ्या सुरू झाल्या.

लेक सहा महिन्यांची झाल्यावर तिला चाचांना दाखवायला नेलं. "तुमच्यामुळे झाली," मी म्हणाले. शेजारी बसलेली एक अनोळखी बाई लगबगीनं पुढे सरकली.

"कोणता खडा देला होता हो चाचा? मलेबी तोच द्या."

विकायच्या खड्यांचा ट्रे त्यांच्या हाताशीच होता.

"काईच नाही देलं," चाचा म्हणाले. "दवाखान्यात धाडलं होतं."

बाईचा चेहरा पडला. पिशवी उचलून ती बोळाबाहेर चालू लागली. मी लेकीला कडेवर घेतलं आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगायला तिच्या मागे धावले.