निधीबाई आणि नोंदवलेला नकार

सरकारी कार्यालयात 'होऊन जाईल' हे शब्द छताच्या पंख्याच्या वाऱ्यासारखे असतात. ते सर्वांना लागतात आणि गार कोणालाच करत नाहीत. आमच्या निधीबाईंनी ते शब्द जिल्ह्यात असेपर्यंत एकदाही उच्चारले नाहीत. वस्ती कधी हलणार, असे कोणी विचारले तर त्या म्हणत, "अजून ठरलं नाही." पैसा मंजूर झाला का, असे विचारले तर म्हणत, "अजून मागितला नाही." या सवयीमुळे प्रथम त्या निष्क्रिय आहेत असा समज झाला. पुढे उर्मट आहेत असा झाला. विश्वासार्ह आहेत हा समज सर्वांत शेवटी झाला, आणि तोही कार्यालयात नव्हे, वस्तीत.

निधीबाई हे अर्थातच त्यांचे नाव नव्हे; ते वस्तीने ठेवले. बाई आमच्याच भागातल्या रिठद गावच्या, वय चाळिशीच्या आसपास, शिक्षण बाहेरगावचे. पुरात बुडणाऱ्या वस्त्या उंचावर हलवण्यासाठी परदेशातल्या हवामान निधीतून पैसा मिळू शकतो, परंतु तो मागण्याची एक रीत आहे, आणि ती आमच्या प्रशासनाला अवगत नव्हती. म्हणून एका संस्थेने बाईंना कंत्राटावर येथे बसवले. सरकारला मागायला शिकवणे, एवढेच त्यांचे काम. सरकारला घेण्याची सवय असते, मागण्याची नसते. त्यामुळे ते वाटते त्याहून अवघड होते.

हलवायची होती ती मानोऱ्याच्या खालच्या अंगाची, नदीला लागून असलेली मळेवस्ती. भाजीपाला पिकवणाऱ्यांची घरे. नदी फुगली की घरात कमरेइतके पाणी येई. ओसरली की गाळ राही, आणि त्या गाळात मेथी अशी येई की बाजारात वस्तीचे नाव सांगून विकली जाई. लोक तेथे राहत होते ते त्या गाळासाठी, आणि त्यांनी तेथे राहू नये असे जे सर्वांचे मत होते तेही त्या गाळामुळेच.

माझा संबंध हरकतीच्या मार्गाने आला. मी दिवाणी न्यायालयाच्या आस्थापनेवरून निवृत्त झालो आणि तेव्हापासून पत्रे लिहितो. वस्तीसाठी योजलेली उंचावरची जागा गायरान होती. गुरांच्या चराईचे काय, याचा प्रस्तावात उल्लेख नव्हता. मी सविस्तर हरकत घेतली, प्रती वरपर्यंत दिल्या, आणि रिवाजाप्रमाणे 'उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित' असे उत्तर येण्याची वाट पाहत बसलो. उत्तराऐवजी स्कूटरवरून एक बाई आल्या. त्यांनी पाणी मागितले, खुर्ची ओढली, आणि माझी हरकत मलाच वाचून दाखवली.

"काकाजी, पहिला मुद्दा बिनतोड आहे," त्या म्हणाल्या. "चराईची जागा आम्ही विसरलो. दुसरा आणि तिसरा मुद्दा म्हणजे नुसता राग आहे. पहिला उचलायचा सोडून साहेब तिसऱ्यालाच उत्तर देतील आणि फाइल बंद करतील."

माझ्या पत्राला इतक्या वर्षांत प्रथमच कोणी वाचून उत्तर दिले होते, आणि ते उत्तर असे होते. मी त्यांना चहा दिला नाही. रात्री मात्र तिसरा मुद्दा गाळला. पंधरवड्याच्या आत प्रस्तावात गुरांसाठी वेगळी जागा राखली गेली. याचे श्रेय त्यांनी मला लेखी दिले, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्याची सोय उरली नाही.

बाईंची वस्तीत बोलण्याची वेळ ठरलेली असे. इतर अधिकारी सकाळी सभा घेत. सतरंजी अंथरली जाई, सरपंच बोलत, लोक माना हलवत. बाई संध्याकाळी जात, उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधणे चालू असताना. तेव्हा सगळे घर ओसरीवर असते, आणि हात कामात असल्यामुळे पाहुण्याच्या तोंडाकडे पाहत बसावे लागत नाही. बाई स्वतः जुड्या बांधायला बसत. त्यांनी बांधलेल्या जुड्या सुटत. गिरजामाय त्या निमूटपणे पुन्हा बांधून टोपलीत टाकी.

गिरजामाय ही वस्तीतली सर्वांत वयस्कर बाई. एक मुलगा, एक मळा, नदीच्या अगदी काठाला. निधीची गोष्ट बाईंनी तिला पहिल्यांदा समजावली तेव्हा मी ओसरीच्या टोकाला उभा होतो. बाई म्हणाल्या की मोठ्या देशांनी फार वर्षे धूर सोडला, त्याने पाऊस बिघडला, म्हणून आता त्यांनी पैसा काढावा असे ठरले आहे. गिरजामायने विचार केला आणि विचारले, "माह्या चुलीचा धूर धरला का त्याच्यात?"

"नाई माय. चुलीचा नाई धरला."

"मंग बरं. नाई तं उद्या मलेच मागतीन." एवढे बोलून ती पुढच्या जुडीकडे वळली.

आता मुख्य गोष्ट. वस्ती हलवायची तर ती लोकांच्या मर्जीने हलली पाहिजे, अशी निधीची पहिली अट होती. त्याप्रमाणे सभा झाली, ठराव झाला, आणि सर्व कुटुंबांच्या सह्यांसह एकमताचा कागद बाईंच्या टेबलावर आला. कार्यालयाला आनंद झाला. बाईंनी कागद परत पाठवला. सरपंच रागावून विचारायला आले की सगळ्यांनी हो म्हटले यात वाईट काय. बाई शांतपणे त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "सगळ्यायनंच हो म्हटलं भाऊ, म्हंजे कोनाले इचारलंच नाई." चौकशीत निघाले ते असे: गिरजामायच्या नावापुढची सही तिच्या पुतण्याची होती. ती स्वतः त्या दिवशी बाजारात भाजी विकत होती.

बाई पुन्हा घरोघर फिरल्या. तेव्हा खरी अडचण कळली, आणि ती कळूनही सर्वांनी झाकून ठेवली होती हे कळले. संमतीसोबत एक हमीपत्र होते: नव्या जागी गेल्यावर कुटुंबातील कोणीही नदीकाठी रात्री मुक्काम करणार नाही. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. परंतु आमच्याकडे मळा आणि रानडुक्कर यांच्यामध्ये रात्री एक जागता माणूस लागतो. रोही, म्हणजे नीलगाई, येतात ते वेगळेच; एक कळप आला की वांग्याचे वावर सकाळी अंगणासारखे साफ. रात्रीच्या या राखणीला जागल म्हणतात, आणि ती ज्याने केली नाही त्याने भाजी लावू नये. हे तलाठ्याला माहीत होते. सरपंचांना माहीत होते. सह्या करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते, आणि त्यांतला एकही जण ती हमी पाळणार नव्हता. 'सही करून द्या, कोण पाहायला येते,' असे त्यांना सांगण्यात आले होते, आणि सांगणाऱ्याचा मान राखण्यासाठी त्यांनी ती केली होती. आपल्याकडे कागद हा असा पाहुणचारासारखा वापरला जातो.

एकट्या गिरजामायने, तिला विचारले गेल्यावर, नकार दिला. "पोरगा रातच्याले मळ्यात झोपते," ती म्हणाली. "नाई झोपत म्हनून अंगठा कसा देऊ?"

त्या दिवशी बाईंना मी प्रथम चिडलेले पाहिले. त्या मला म्हणाल्या की पाहायला कोणी येणार नाही हे खोटे आहे. पुरात जागलीवरचा माणूस वाहून गेला की लोक पाहायला येतील, आणि त्याच्या घरच्यांना मदत नाकारण्यासाठी हाच कागद काढतील. मला हे न्यायालयात बसून बसून माहीत होते. आम्ही दोघांनी मिळून ते हमीपत्र रद्द करून नवे कलम रचले: पुराचा इशारा असेल त्या दिवसांत काठावर कोणी राहणार नाही, एरवी जागलीसाठी उंच पक्का माळा बांधण्यात येईल, मळ्यांना तारेचे कुंपण प्रकल्पाच्या खर्चातून मिळेल, आणि जे कुटुंब संमती देणार नाही त्याचा नव्या जागेवरील हक्क त्या कारणाने जाणार नाही. शेवटच्या वाक्याची भाषा माझी आहे. ते वाक्य कोठूनही पोखरता येत नाही.

इतरांनी नव्या कागदावर सह्या केल्या. बाई गिरजामायकडे गेल्या. माळ्याचे आणि कुंपणाचे कलम तिला वाचून दाखवले.

"त्या फंडवाल्यायनं हे कबूल केलं का?" तिने विचारले.

"अजून नाई."

"मंग माह्यं बी अजून नाई."

बाईंनी मान हलवली आणि तिच्यासमोरच 'नकार' असे लिहिले, कारणासह. दुसरी कोणी असती तर तिची मनधरणी केली असती. मी असतो तर युक्तिवाद केला असता.

या नकाराने वर खळबळ माजली. प्रस्ताव जाण्याच्या आदल्या आठवड्यात एका वरिष्ठांनी बैठक घेतली. मी हरकतदार म्हणून बोलावलेला होतो. वरिष्ठांचे म्हणणे असे पडले की एका म्हातारीसाठी प्रस्ताव कमकुवत दिसतो. तिचे पुढे होऊन जाईल. तूर्त नकार काढावा. बैठकीतील सर्वांनी माना डोलावल्या. बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "काढा साहेब. फक्त काढल्याची सही तुमची लागेल." कागद टेबलाभोवती एक फेरी मारून परत बाईंपुढे आला. काढण्यास सर्वांची संमती होती. सही करण्यास कोणाचीही नव्हती. प्रस्ताव नकारासह गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंचे कंत्राट संपले आणि ते वाढवले गेले नाही. मी कारण विचारणारा अर्ज केला. 'कंत्राटाचा कालावधी नैसर्गिकरीत्या संपुष्टात आला आहे' असे उत्तर आले. नैसर्गिकरीत्या पळसाची पाने गळतात. माणसाचे काम कोणीतरी थांबवतो. मी तसे कळवले. पुढचा मसुदा घेऊन मी बाईंकडे गेलो तेव्हा त्या सामान बांधत होत्या. त्यांनी तो वाचला, परत दिला, आणि हे पत्र पाठवू नका म्हणाल्या. "माझ्यासाठी भांडलात काकाजी, तर त्यांना वस्तीचं उत्तर द्यायला लागणार नाही. माझंच देत बसतील." मी ते पाठवले नाही. माझ्या कपाटातले न पाठवलेले पत्र ते एकच.

पैसा मंजूर झाला तेव्हा बाई कोकणातल्या समुद्रकाठच्या एका गावासाठी हेच काम करीत होत्या. मंजुरीत माळा होता, कुंपण होते, आणि आमचे कलम शब्दशः होते. वरच्या जागी घरांचे जोते भरू लागले. गिरजामायचा भूखंड कलमाप्रमाणे राखून ठेवला, पण तिच्या होकाराशिवाय त्यावर कुदळ मारता येत नव्हती, आणि पावसाळा जवळ येत होता. सारी वस्ती वर गेली असती आणि नदीच्या काठाला एकच घर उरले असते. लिपिक कागद आणि शाईचा डबा घेऊन गेला आणि अंगठा कोठे लावायचा ते दाखवले. तिने हात पुढे केला नाही. मग मला पाठवण्यात आले.

"कलम तर आलं की गिरजामाय, जसंच्या तसं," मी म्हणालो. "आता काहून अडून राह्यली?"

"मी कुठं अडून राह्यली," ती म्हणाली. "तिले म्या नाई म्हटलं व्हतं. हो बी तिलेच म्हनीन. पाठवा तिले."

मी कार्यालयाला रीतसर विनंती केली की संबंधित सल्लागारांना एका दिवसासाठी पाचारण करावे. तशी तरतूद नसल्याचे उत्तर आले. तेव्हा मी बाईंना फोन केला. पुढे काय झाले हे त्यांनी विचारले नाही; गाडी कोणती सोयीची, एवढेच विचारले.

त्या रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने आल्या. गिरजामायला घेऊन त्या वरच्या जागी गेल्या, आणि आखलेल्या चुन्याच्या रेघेवर दोघी उभ्या राहिल्या. मी साक्षीदार म्हणून चार हातांवर होतो. बाईंनी कलम पहिल्यापासून वाचले. लिपिक ज्याला औपचारिकता म्हणतो त्यातले त्यांनी काहीही वगळले नाही. मग त्यांनी विचारले की इथे राहायला येणार का.

"हो," गिरजामाय म्हणाली.

माझ्या मते येथे काम पुरे झाले होते. बाईंच्या मते झाले नव्हते. "माय, नाई म्हटलं तरी ही जागा तुहीच राह्यते. तुले मालूम हाय ना?"

"मालूम हाय," गिरजामाय म्हणाली. "म्हून तं हो म्हनून राह्यली."

बाई त्याच दुपारी परतल्या. संमतीच्या नमुन्यात कारणासाठी रकाना नाही. मी साक्षीदार म्हणून सही केली आणि गिरजामायचे कारण, तिच्याच शब्दांत, समासात लिहिले. समासातील मजकूर नियमबाह्य असून तो खोडावा, असे कार्यालयाने मला कळवले आहे. खोडणाऱ्याने खोडल्याची सही करावी, असे मी उलट कळवले आहे. जोता भरून झाला आहे, भिंती छातीइतक्या वर आल्या आहेत, आणि मजकूर अद्याप तेथे आहे.