खरं लिहा म्हणलो होतो

लातुरात अकरावी-बारावीला मराठी शिकवणारा म्हणजे रिकामा माणूस. माझे निम्मे तास फिजिक्सवाले घेतात, विचारतही नाहीत. त्यामुळं शाळेनं मुलांच्या मनःस्वास्थ्याचं धोरण आणलं तेव्हा मुख्याध्यापक मलाच म्हणाले, "सर, तुम्हाला वेळ असतोय की."

धोरण असं: शनिवारची चाचणी झाली की प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा. झोप लागते का, जेवण जातं का, काही सांगायचंय का. कुणी त्रास लिहिला तर त्याच दिवशी घरी कळवायचं आणि रजिस्टरात मी सही करायची.

पहिल्या शनिवारी सगळ्यांनी 'छान' लिहिलं. मी मुळात तापट, भडकलोच. "आरशात डोळे बघा आपले. कुणाला येड्यात काढायलाव? खरं लिहा."

पुढच्या शनिवारी एकीनं लिहिलं. किनवटच्या पलीकडच्या खेड्यातली पोरगी, इथं हॉस्टेलला राहायची. 'पुस्तक उघडलं की हात थरथरतात. तीन हप्ते झोप नाही. घरी सांगू नका सर, मला घेऊन जातील. मला शिकायचंय.'

तो कागद मी चारदा वाचला. खिशात घालून गप बसता आलं असतं, तिला बोलावून दोन शब्द बोलता आले असते. पण उद्या काही बरंवाईट झालं तर सही माझी, ही भीती मोठी निघाली. मी घरी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाप आला. "सर, लेकरू येडं होऊन राहिलं का?"

"न्हाई हो दादा. नुसतं कुणीतरी तिच्याशी बोलायला पाहिजे."

"मंग घरी बोलतो की आम्ही."

तोवर तिची वळकटी बांधून झाली होती. मी मुख्याध्यापकांकडं धावलो. ते म्हणाले, पालकांची इच्छा. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सोमवारी रँकच्या यादीतून तिचं नाव गेलं, खालची पोरं एकेक नंबर वर सरकली. धोरणाच्या अहवालात लिहिलं, 'एक प्रकरण, निकाली.' त्याखाली मी सही केली. लाज वाटली, तरी केली.

महिन्याभरानं राहवलं नाही म्हणून फोन केला. बापानं तिला दिला.

"कशी आहेस बाळा? परत येतीस का? मी बोलतो सगळ्यांशी."

"छान आहे सर," ती म्हणाली, आणि फोन बापाकडं दिला.